निवृत्तीच्या हिशेबातला तिसरा रकाना

२०२४ च्या मार्चअखेर मी नोकरीतून निवृत्त झाले. यजमान आधीच निवृत्त झालेले होते. त्यामुळे न्यू जर्सीत एडिसनजवळचे घर ठेवून तेथेच राहायचे की पुण्याला कायमचे परतायचे, हा वर्षानुवर्षे पुढे ढकललेला प्रश्न सोडवणे भाग होते. आम्ही दोघेही अमेरिकी नागरिक आहोत, दोघांकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, मुलगी बोस्टनला असते, आणि सासूबाई पुण्यात असल्यामुळे या शहराशी आमचा संबंध कधी सुटला नव्हता. मनाचा कौल दोन्ही बाजूंना सारखाच पडत होता. निदान खर्चाचा हिशेब तरी नीट मांडावा, असे मी ठरवले. परतीचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांना तो उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहे. आमच्या घरखर्चाच्या रकमा मी मुद्दामच कमी दिल्या आहेत, कारण त्या घरोघरी वेगळ्या असतात. नियम मात्र सर्वांना सारखेच लागू होतात.

मागील वर्षाची बँकेची आणि क्रेडिट कार्डाची सगळी विवरणपत्रे काढून प्रत्येक खर्च एका वहीत उतरवणे, हे पहिले काम केले. त्यातून एक गोष्ट लगेच दिसली. किराणा, भाजीपाला, बाहेरचे जेवण यांचा एकूण खर्चातील वाटा इतका लहान होता की ‘पुण्यात भाजी किती स्वस्त’ या नेहमीच्या युक्तिवादाला फारसा अर्थ उरला नाही. पैसा जात होता तो घरावर आणि गाड्यांवर. न्यू जर्सीचा मालमत्ता कर देशात सर्वांत चढा समजला जातो. २०२४ मध्ये त्याची राज्यातील सरासरी वर्षाला १०,००० डॉलरांच्या पुढे गेली. कर्ज फिटून घर पूर्णपणे आपले झाले तरी हा कर थांबत नाही. ज्येष्ठांसाठी राज्याची ‘सीनियर फ्रीझ’ नावाची योजना आहे, पण तिच्यात पात्र व्यक्तींना कराची वाढ तेवढी परत मिळते. मूळ रक्कम भरावीच लागते. त्यात घराचा विमा, दोन गाड्यांचे विमे, हिवाळ्यातील गॅसचे बिल, बर्फ काढणाऱ्याचे पैसे आणि दर काही वर्षांनी छप्पर किंवा घर गरम ठेवणारी भट्टी बदलण्याचा खर्च मिळवला, तर आम्ही काही न खाता-पिता घरात बसून राहिलो तरी वर्षाची मोठी रक्कम जाणारच होती.

पुण्याचा रकाना भरण्यासाठी नातेवाईकांचे अंदाज पुरेसे नव्हते. परदेशातून येणारी मंडळी बहुधा डिसेंबरात येतात, भावाकडे किंवा बहिणीकडे उतरतात आणि पुणे स्वस्त व सुखाचे आहे असे मत घेऊन परततात. आम्ही ठरवून जून महिन्यात आलो, कोथरूडला भाड्याच्या सदनिकेत राहिलो आणि पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक रुपया लिहून ठेवला. धुणी-भांडी आणि फरशी यांसाठी एक बाई, पोळ्यांना दुसऱ्या बाई, लागेल त्या दिवशी बोलावण्याचा ड्रायव्हर, सोसायटीची देखभाल, महावितरणचे बिल, टँकरच्या पाण्याची वर्गणी असे सर्व धरूनही हा खर्च न्यू जर्सीतील नुसत्या मालमत्ता कराच्या आसपास येत होता. परंतु त्याच वहीत दुसरेही काही दिसत होते. अमेरिकेतील सवयी आम्ही जितक्या बरोबर आणल्या, तितके पुणे महाग झाले. मोठ्या रुग्णालयातील स्वतंत्र खोली, प्रत्येक खोलीत वातानुकूलन, आयात केलेले चीज आणि ऑलिव्ह तेल, चांगल्या बांधणीची नवी गाडी, या वस्तूंचे भाव डॉलरमध्ये बदलून पाहिले तर फरक थोडाच राहतो, आणि गाडीच्या बाबतीत तर तो उलटाही होतो.

यजमानांचा भर विनिमय दरावर होता. २०१४ च्या अखेरीस ६३ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर सतत चढत होता (२०२५ च्या डिसेंबरात तो ९० च्या पुढे गेला), तेव्हा डॉलरमध्ये निवृत्तिवेतन मिळणाऱ्याला पुण्यात दरवर्षी आपोआप वाढ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पूर्णपणे पटले नाही. त्याच काळात कोथरूडमधील घरभाडे, रुग्णालयांचे दर आणि कामवाल्या बाईंचा पगार (तो वाढायलाच हवा होता) हेही वाढत गेले आहेत. म्हणून मी रुपयाची घसरण लाभाच्या बाजूला धरली नाही. ती महागाईशी वजा होईल, असे मानून पुढचे आकडे मांडले.

पुण्याचे पारडे खऱ्या अर्थाने जड झाले ते शुश्रूषेच्या खर्चामुळे. सासूबाईंना शेवटची काही वर्षे दिवसरात्र सोबत लागत असे आणि ब्युरोतून येणाऱ्या मावशी ती करत. न्यू जर्सीत घरी येऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या सेविकेसाठी मी चौकशी केली, तेव्हा तासाला तीस-पस्तीस डॉलर असा दर ऐकायला मिळाला. त्या दराने दिवसरात्रीची सोबत घेतली, तर सासूबाईंसाठी आम्ही महिन्याला जे देत होतो ते तेथे एका दिवसातच संपले असते. अनेकांचा समज असतो की हा खर्च मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची अमेरिकी सरकारची आरोग्य विमा योजना करते. तसे नाही. मेडिकेअर रुग्णालयातील उपचारांनंतर अटींसह शंभर दिवसांपर्यंत कुशल शुश्रूषागृहाचा खर्च उचलते, त्यातही पहिले वीस दिवसच पूर्ण. आंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे अशी दीर्घकाळची मदत तिच्यात बसत नाही. शंभर वर्षे जगण्याची इच्छा कोणाचीही असो, पण अमेरिकेत वार्धक्याची शेवटची पाच-सात वर्षे ही आयुष्यभराच्या बचतीची सर्वांत मोठी परीक्षा ठरू शकते, हे आम्ही ओळखीच्या दोन घरांत पाहिले होते.

एवढ्यावर निर्णय झाला असता, तर हे लिहिण्याची गरज नव्हती. वहीत ‘तेथील’ आणि ‘येथील’ असे दोन रकाने आखले होते. चौकशी जसजशी पुढे गेली तसतसे असे खर्च सापडू लागले, जे दोन्हींपैकी कोठेच बसेनात. ते केवळ दोन देशांत पाय असल्यामुळे निर्माण होत होते. त्यांच्यासाठी मी तिसरा रकाना आखला, आणि पुढे सर्वाधिक वेळ त्याच्यावरच गेला.

त्यात पहिले नाव मेडिकेअरचेच. भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही, तेव्हा पुण्यात राहून तिचा हप्ता भरणे वरवर पाहता निरर्थक वाटते. भाग ‘अ’ (रुग्णालयाचा खर्च) पुरेशी वर्षे नोकरी केलेल्यांना विनाहप्ता मिळतो, त्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठीच्या भाग ‘ब’ चा मूळ हप्ता मात्र २०२५ मध्ये माणशी महिना १८५ डॉलर होता आणि २०२६ मध्ये तो २०२.९० डॉलर झाला. दोघांचे मिळून वर्षाला सुमारे ४,८७० डॉलर, म्हणजे ९० च्या दराने चार लाख अडतीस हजार रुपये, जी सेवा आपण वापरणार नाही तिच्यासाठी भरायचे. न भरल्यास काय होते, हे पाहिल्यावर चित्र बदलते. भाग ‘ब’ शिवाय काढलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ आयुष्यभर राहते; पाच वर्षांनी परत गेलो, तर दीडपट हप्ता. शिवाय परतल्याबरोबर नाव नोंदवता येत नाही. जानेवारी ते मार्च या काळात नोंदणी करायची आणि पुढील महिन्यापासून संरक्षण मिळवायचे, म्हणजे एप्रिलमध्ये आजारी पडून परतणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागते. भाग ‘अ’ आणि ‘ब’ चालू ठेवले असतील, तर मात्र परदेशातून परतल्यावर दोन महिन्यांच्या आत आरोग्याविषयी प्रश्न न विचारता खासगी कंपन्या चालवत असलेल्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनेत जाता येते. पूरक विमा, म्हणजे मेडिगॅप, एकदा सोडला की परत घेताना कंपनी प्रकृतीची तपासणी मागू शकते. आम्ही भाग ‘ब’ ठेवला आणि मेडिगॅप सोडला.

करांचे प्रकरण याहून किचकट निघाले, पण तेथे खर्चापेक्षा तारखांना महत्त्व होते. अमेरिकी नागरिक जगात कोठेही राहिला तरी त्याला तेथे विवरणपत्र भरावेच लागते, आणि भारतात रहिवासी झालेल्या व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर भारतही हक्क सांगतो. परतणाऱ्यांना दिलासा एवढाच की दीर्घकाळ अनिवासी असलेल्याला पहिली दोन-तीन वर्षे ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्न सहसा भारतीय करातून बाहेर राहते. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतनावर, दोन देशांतील करारानुसार केवळ अमेरिकाच कर लावते. निवृत्तिखात्यांतील वाढीसाठी २०२१ मध्ये कलम ८९-ए ने आलेली सवलत आहे; तिचा पर्याय वेळेत निवडला, तर पैसे काढतानाच भारतात कर लागतो. भारतीय म्युच्युअल फंडांपासून आम्ही दूर राहिलो, कारण अमेरिकी नियमांत त्यांची गणना अत्यंत त्रासदायक अशा परकीय गुंतवणूक कंपन्यांत होते. भारतातील खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरांवर गेली की तिची माहिती अमेरिकेला कळवावी लागते, आणि सवलतीचा दर्जा संपला की अमेरिकेतील प्रत्येक खाते भारतीय विवरणपत्रात दाखवावे लागते. दोन देशांतील दोन सनदी लेखापालांचे शुल्क त्यामुळे तिसऱ्या रकान्यात कायमचे जाऊन बसले.

या सगळ्यांतून घराच्या विक्रीची वेळ ठरली. अमेरिकेत विक्रीआधीच्या पाचांपैकी दोन वर्षे स्वतः राहिलेले घर विकले, तर पती-पत्नींना मिळून पाच लाख डॉलरांपर्यंतचा नफा करमुक्त असतो. भारतात पूर्ण रहिवासी झाल्यावर तेच घर विकले असते, तर त्या नफ्याचा भारतीय करासाठी वेगळा विचार करावा लागला असता, आणि भाड्याने दिले असते, तर काही वर्षांत अमेरिकेतील सवलतही हातची गेली असती. ‘घर राहू द्या, कधी परतावे लागले तर’ असा मुलीचा आग्रह बोस्टनहून होत होता. मी तिला वही दाखवली. रिकाम्या घराचा कर, विमा आणि देखभाल मिळून दरवर्षी जी रक्कम जाणार होती, तीत आम्हाला गरज पडल्यास तेथे बरेच महिने भाड्याने राहता आले असते. २०२५ च्या उन्हाळ्यात घर विकले आणि नोव्हेंबरात आम्ही पुण्याला आलो.

तिसऱ्या रकान्यातील सर्वांत मोठी रक्कम मात्र ना विम्याची ठरली, ना कराची. ती विमान प्रवासाची होती. वर्षातून एकदा आम्ही जायचे आणि एकदा मुलीच्या कुटुंबाने यायचे, असे धरले, त्यात शाळांच्या सुट्टीतील चढी भाडी, आमच्या गुडघ्यांमुळे बरी आसने आणि तेथील प्रवासी आरोग्य विमा मिळवला, तेव्हा पुण्यातील आमच्या घरभाड्यापेक्षा हा आकडा मोठा झाला. पुण्यात राहण्याची बचत सांगताना लोक हा खर्च सहसा ‘हौस’ म्हणून बाजूला ठेवतात. नातवंडांना भेटणे ही हौस आहे, असे मला वाटत नाही, म्हणून तो हिशेबात ठेवला. तिन्ही रकाने जुळवल्यावर पुणे न्यू जर्सीच्या निम्म्याहून थोडे अधिक पडत होते. ऐकीव गोष्टींत असते तसे एक पंचमांश नव्हे. शुश्रूषेची वर्षे धरली, तर अंतर पुष्कळ वाढत होते, आणि आमचा कल त्यावरच ठरला.

यजमानांच्या मनात गुहागरकडे थोडी जमीन घेऊन आंब्याची कलमे लावण्याचे होते. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे तो खर्च कायद्यानेच वाचवला.

पुण्यात आल्यावर राहिलेले काम आरोग्य विम्याचे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी गेला आहे आणि वयाच्या अटीवरून अर्जच न घेण्याची पूर्वीची प्रथा २०२४ पासून बंद झाली आहे, पण पासष्टीनंतर मधुमेह असलेल्या माणसाला पॉलिसी मिळणे अजूनही सोपे नाही. एका कंपनीने यजमानांचा अर्ज तपासण्यांनंतर नाकारला. दुसरीने वाढीव हप्त्यावर स्वीकारला, परंतु आधीच्या आजारांसाठी नियमाने कमाल असलेली ३६ महिन्यांची प्रतीक्षा ठेवली. ती तीन वर्षे भरून निघेपर्यंत वेगळी रक्कम आम्ही डॉलरमध्येच, निवासी परकीय चलन खात्यात ठेवली आहे. स्वतःचे घर घेण्याचा विचारही तोवर लांबवला आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, महिलेच्या नावावर सहा, आणि नोंदणीचे कमाल तीस हजार धरले, तर दोन-तीन वर्षांत मन बदलल्यास ही रक्कम वाया जाईल. भाडेकरार नूतनीकरणाला येईल तेव्हा तिन्ही रकाने पुन्हा भरायचे, असे ठरले आहे, आणि भाग ‘ब’ चा पुढील वर्षाचा हप्ता जाहीर झाला की त्याची ओळ आधी बदलायची.