पानावरून गळलेली तिरकी रेघ

सकाळी आमच्या एका वापरकर्त्याकडून आलेल्या मेलमध्ये दोनच ओळी होत्या. "तुमच्या पानावरचं उदाहरण उचललं, त्यात फक्त आमचा कोड घातला आणि चालवलं. चाचणीच्या नोंदी पुसायच्या होत्या, त्यांच्यासोबत खऱ्या नोंदीही गेल्या." खाली त्यांनी चालवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, होती. ती वाचताना माझे हातपाय गार पडले. आमच्या डेटाबेसच्या मॅन्युअलमधलं मजकूर शोधण्याचं प्रकरण मी लिहिलेलं आहे आणि ते उदाहरणही माझंच.

मामला असा होता. त्यांच्याकडे चाचणीसाठी भरलेल्या नोंदींचे कोड '९९_' असे सुरू व्हायचे. ९९, मग अंडरस्कोर, मग पुढचा क्रमांक. खऱ्या नोंदींमध्ये ९९४१, ९९०७ असेही कोड होते. क्वेरीत लाइक हा नमुना जुळवणारा शब्द वापरून शोधताना टक्क्याचं चिन्ह म्हणजे कितीही अक्षरं आणि अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर. खराखुरा अंडरस्कोरच शोधायचा असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश, म्हणजे \ ही उलटी तिरकी रेघ, देऊन त्याचा खास अर्थ काढून घ्यावा लागतो, म्हणजे तो एस्केप करावा लागतो. हवं होतं '९९\_%'. त्यांनी चालवलं '९९_%'. याचा अर्थ झाला, आधी ९९, मग काहीही एक, पुढे काहीही. ९९४१ त्यात चपखल बसतो. डेटाबेसनं एकही एरर दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीनं क्वेरी बिनचूक होती.

मी आधी मूळ फाइल उघडली. बॅकस्लॅश जागेवर होता. मग तेच पान ब्राउझरमध्ये उघडलं. तिथे तो नव्हता.

फोन लावला. "मॅडम, मी टाइप केलेलं नाही, कॉपी केलंय," ते पहिल्यांदा हेच म्हणाले. आपल्यावरच ढकललं जाईल असं त्यांना वाटत असावं. मी म्हटलं, "सर, तुमचं काहीही चुकलेलं नाही. आमचं पान चुकलंय. पुसायची क्वेरी आता पुन्हा चालवू नका, मी दुरुस्त करून तुम्हाला कळवते." आदल्या रात्रीचा बॅकअप त्यांच्याकडे होता, तो परत चढवणं चालू होतं. त्या सकाळी भरलेल्या नोंदी मात्र दोघांना बसून हातानं पुन्हा भराव्या लागणार होत्या. फोन ठेवल्यावर मी काही वेळ तशीच बसून राहिले. आमच्या पानावरचं एक चिन्ह गळलं आणि दोन माणसांचा दिवस गेला, हे मला अजूनही सलतं.

ते गळलं कसं, याचा माग लागायला तासभर गेला. आमचं मॅन्युअल पूर्वी एक्सएमएल या खुणांच्या भाषेत होतं. तिथे 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि अँपरसँड ही दोन चिन्हं मुख्यतः जपावी लागतात, बॅकस्लॅशला तिथे काही विशेष मान नाही. काही महिन्यांपूर्वी आम्ही सगळं मार्कडाउन या साध्या खुणांनी पान लिहायच्या पद्धतीत आणलं आणि तिथे नेमकं उलटं आहे. चालू मजकुरात विरामचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश दिसला की मार्कडाउन तो स्वतःसाठीची सूचना समजून गिळतं आणि पुढचं चिन्ह तेवढं छापतं. कोड म्हणून खूण केलेल्या मजकुरात असं होत नाही. मग आमच्या उदाहरणाला कोडची खूण का नव्हती? कारण ते तक्त्यात होतं. मार्कडाउनच्या तक्त्यात उभी रेघ म्हणजे रकान्याची सीमा, आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, मजकूर जोडण्यासाठी दोन उभ्या रेघा वापरतात. त्यामुळे रूपांतरानंतर काही तक्ते मोडले होते. ते सावरायला कुणीतरी उभ्या रेघेऐवजी तिचा १२४ हा सांकेतिक क्रमांक घातला. तो क्रमांक कोडच्या खुणेत उलगडत नाही, जसाच्या तसा दिसतो, म्हणून तक्त्यांमधल्या कोडच्या खुणाच काढून टाकल्या. तक्ते सुंदर दिसू लागले. बॅकस्लॅश मात्र त्या दिवसापासून गळायला लागले.

इतके दिवस ते कुणाच्या लक्षात का आलं नाही, हे मला जास्त टोचत होतं. मार्कडाउन फक्त आस्की या संगणकाच्या मूळ चिन्हसंचातल्या ३२ विरामचिन्हांच्या आधीचा बॅकस्लॅश गिळतं. अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या आधीचा ठेवतं. म्हणजे नवी ओळ, टॅब यांच्या खुणा, ज्यात बॅकस्लॅशपुढे अक्षर येतं, त्या पानावर नीट दिसत होत्या. पान चाळणाऱ्याला जागोजागी बॅकस्लॅश दिसायचे आणि सगळं ठीक वाटायचं. गळले होते ते नेमके अंडरस्कोर, टक्का, अवतरण आणि दुसरा बॅकस्लॅश यांच्या आधीचे. ज्यांच्यावर क्वेरीचा अर्थ उभा असतो तेच. आयात करण्याच्या प्रकरणात डेटा संपल्याची खूण \. अशी आहे, तिथे नुसता एक टिंब उरला होता.

इंजिन टीममधला एक सहकारी येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

"अगं, सगळीकडे एकाचे दोन करून टाक ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"अरे, काही ठिकाणी आधीच कुणीतरी दोन केलेत. त्यातले काही कोडच्या खुणेत आहेत. तिथे आत्ताच दोन दिसतायत, मग चार दिसतील."

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. मग आम्ही कागदावर मोजायला लागलो. लाइकनं एक खराखुरा बॅकस्लॅश शोधायचा तर लाइकला दोन हवेत. पण अवतरणातला मजकूर वाचताना डेटाबेसच बॅकस्लॅश उलगडत असेल तर ते दोन पोचवायला चार लिहावे लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मुळात असंच आहे, आधी पार्सर, म्हणजे क्वेरी वाचणारा भाग, निम्मे खातो, मग लाइक निम्मे खातो. आणि ते चार पानावर उमटायला मार्कडाउनच्या साध्या मजकुरात आठ. एका बॅकस्लॅशसाठी आठ! आमच्या मूळ फाइलमध्ये एका ठिकाणी तीन होते, एका ठिकाणी पाच. कुणीतरी पानावर बरं दिसेपर्यंत वाढवत नेलेले.

शिवाय 'बरोबर' काय, हेही एक नाही. एसक्यूएलच्या प्रमाणाप्रमाणे अवतरणातल्या मजकुरात बॅकस्लॅश हे साधं चिन्ह आहे, आणि एकेरी अवतरण आत हवं असेल तर ते दोनदा लिहायचं. एसक्यूलाइट हा डेटाबेस तसाच वागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पूर्वी बॅकस्लॅश उलगडला जायचा. २०११ साली आलेल्या ९.१ या आवृत्तीपासून मूळ सेटिंग प्रमाणाप्रमाणे झालं, आणि जुनी वागणूक हवी असेल त्यानं अवतरणाआधी ई अक्षर लिहायचं. आमच्या डेटाबेसमध्ये दोन्ही रीती सेटिंगनं निवडता येतात. म्हणजे प्रत्येक उदाहरण कुठल्या सेटिंगमध्ये चालवायचं हे लिहिलेलं नसेल तर ते अर्धवटच. ते आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा ठरवलं की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडे उदाहरणं तपासणारी स्क्रिप्ट आधीपासून होती, पण ती मूळ फाइलमधून कोड उचलायची, आणि तोही फक्त मोठ्या कोडचौकटींतला. वाचक मूळ फाइल कधी बघतो? त्याच्यासाठी पान हेच मॅन्युअल आहे. म्हणून दुपारी आम्ही स्क्रिप्ट उलटी फिरवली. पान तयार झाल्यावर, ब्राउझरमध्ये माणूस जे निवडून कॉपी करेल तेच अक्षरन् अक्षर उचलायचं, दोन्ही सेटिंगमध्ये चालवायचं आणि शेजारी छापलेल्या उत्तराशी ताडून बघायचं.

पहिल्याच फेरीत स्क्रीन लाल झाली. त्यात एक वेगळा प्रकारही निघाला. पान सुबक दिसावं म्हणून बांधणीचं साधन सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं करत होतं, आणि टिप्पणीसाठीच्या दोन आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ. अशी क्वेरी चालतच नाही, डेटाबेस लगेच एरर देतो. खरं सांगायचं तर त्या चुकांचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाचक वैतागेल, पण त्याचा डेटा जाणार नाही. गळलेला बॅकस्लॅश मुकाट्यानं काम करतो, म्हणून तो भयंकर. आम्ही लाल यादी दोन भागांत केली, एररनं थांबणारी उदाहरणं आणि न थांबता वेगळं उत्तर देणारी. दुसरी यादी लहान होती. तिच्यापासून सुरुवात केली.

लाइकचं उदाहरण दुरुस्त करताना मी बॅकस्लॅशच काढून टाकला. लाइकच्या शेवटी एस्केप लिहून आपल्याला हवं ते चिन्ह नेमता येतं. आता पानावर पहिलं उदाहरण आहे लाइक '९९!_%' एस्केप '!'. उद्गारचिन्ह डेटाबेसचा पार्सर खात नाही, सेटिंग कुठलंही असलं तरी अर्थ तोच राहतो, आणि वाचणाऱ्यालाही कुठलं चिन्ह काय करतंय ते समोर दिसतं. बॅकस्लॅशचं उदाहरण त्याच्या खाली ठेवलं, सेटिंगच्या उल्लेखासकट. या तिरक्या रेघेला मी दिवसभर बोल लावले खरे, पण ती आली होती भल्या कामासाठी. आस्की ठरत असताना, १९६१ मध्ये, बॉब बेमर यांनी ती सुचवली. सरळ आणि उलटी अशा दोन तिरक्या रेघा जोडून अल्गोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली 'आणि' व 'किंवा' ही चिन्हं लिहिता यावीत म्हणून. एस्केपचं ओझं तिच्यावर नंतर पडलं.

संध्याकाळी सुरक्षेच्या प्रकरणाशी पोचलो तेव्हा मला माझंच एक जुनं वाक्य सापडलं: वापरकर्त्याच्या मजकुरात अवतरण आल्यास त्याच्याआधी बॅकस्लॅश जोडावा. सहकारी म्हणाला, "हे वाक्य आजच काढ. २००६ आठवतंय ना?" त्या वर्षी मे महिन्यात पोस्टग्रेसनं याच सवयीमुळे सुरक्षा दुरुस्ती काढली होती. शिफ्ट-जेआयएस या जपानी एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे नेमण्याच्या पद्धतीत, काही अक्षरांची दुसरी बाइट ९२ असते, म्हणजे आस्कीमधला बॅकस्लॅशच. हल्लेखोर अशा अक्षराची पहिली बाइट आणि तिच्यापुढे अवतरण पाठवतो. एन्कोडिंग न बघणारा प्रोग्रॅम अवतरणाआधी बॅकस्लॅश जोडतो. डेटाबेस पहिली बाइट आणि तो बॅकस्लॅश मिळून एक अक्षर वाचतो, आणि अवतरण मोकळं सुटून मजकूर तिथेच संपतो. पुढचं सगळं आज्ञा म्हणून चालतं. मी ते वाक्य काढलं आणि मूल्यं क्वेरीत चिकटवण्याऐवजी पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवायची रीत पूर्ण उदाहरणासह लिहिली.

शेवटचा वाद झाला तो सूचनेवरून. आमच्या टीमच्या लीडचं म्हणणं, पान दुरुस्त झालंय, आता गाजावाजा कशाला. मला ते पटेना. ज्यांनी ते उदाहरण कॉपी करून रोज रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातलं असेल, ते लोक आमचं पान पुन्हा कशाला उघडतील? त्यांच्या क्वेऱ्या आजही चालू आहेत, आणि त्यांच्याकडे ९९४१ सारखी नोंद यायचीच काय ती बाकी आहे. मी मसुदा लिहून समोर ठेवला: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या तक्त्यातली कुठली उदाहरणं चुकीची होती, त्यांचा परिणाम काय होतो, आणि स्वतःच्या क्वेरीत काय शोधायचं. त्यांनी तो दोनदा वाचला. "पाठव," म्हणाले, "आणि पुढच्या आवृत्तीच्या बदलनोंदीत वरच्या बाजूला घाल."

साडेसात वाजता सकाळच्या सरांना फोन केला. त्यांनी नव्या पानावरून क्वेरी उचलली, पण या वेळी डिलीटच्या जागी सिलेक्ट आणि काउंट घालून आधी आकडा बघितला. "आता फक्त चाचणीच्याच येतायत," म्हणाले. मग थोडं थांबून, "मॅडम, हे मोजायचं तुमच्या पानावरच का नाही लिहीत? पुसायच्या आधी मोजा म्हणून." मी फोन चालू असतानाच ते उदाहरण डिलीटच्या वर घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

जुन्या तीन आवृत्त्यांची पानं अजून बाकी होती. त्या वापरणारे लोक कमी असले तरी आहेत. सहकाऱ्यानं स्क्रिप्ट त्यांच्यावर लावली आणि आम्ही पुन्हा दुसरी यादी उघडून बसलो.