पानं झडून गेल्यावर

“आता काय उरलंय तिथे बघायला?” रानात येतेस का विचारलं, तर माई एवढंच म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. मनाला लावून घ्यावं असं त्यात काहीच नाही. तरी सकाळपासून सलतंय.

रान हिरवंगार असतं तेव्हा सगळ्यांना यायचं असतं. पानं झडली की मी विचारायचं आणि एकेकाने नाही म्हणायचं, हे ठरलेलंच. एकटं जायचं वाईट वाटत नाही. मला जे भरलेलं दिसतं ते माझ्याच माणसांना रिकामं दिसतं, ते सलतं. की तेही नाही? यंदा दादाही नाही. जाऊ दे.

गेलो एकटाच. दाट पाल्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथे आज टेकडीची उतरण खालपर्यंत उघडी होती. एरवी नुसती ऐकू येणारी पाखरं फांदीवर बसलेली दिसत होती. सरडा पळाला तरी पाचोळा सांगत होता. एका झाडावर बांडगूळ तेवढं हिरवं होतं. झाडाचंच पाणी ओढून जगतं ते, पण पानगळीशिवाय इतकं ठळक कधी दिसत नाही.

पुढे एक मोडकी फांदी लोंबत होती. हिरवी असतानाच मोडली असणार, कारण पानं वाळून करकरीत झालेली, पण फांदीला घट्ट धरून. आजूबाजूच्या जित्या फांद्या मात्र साफ मोकळ्या. पान गाळायला फांदीत जीव लागतो. झाड आधी पानातलं पोषण, म्हणजे बराचसा नत्र आणि स्फुरद, परत आत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होत जातो आणि पान तिथूनच निखळतं. मागे राहिलेल्या वणावर बुचाचा थर धरतो, म्हणजे जखम उघडी राहत नाही. मेलेल्या फांदीला यातलं काहीच करता येत नाही.

मग याला उजाड का म्हणायचं? वणाच्या जरा वर बोट फिरवलं तर बारीक टणक डोळा लागतो, पुढच्या पालवीचा. पान होतं तेव्हाच तो तयार झालेला, देठाच्या आडोशाला. तिथे उभ्या उभ्या माईचा राग आला, खरंच आला. एवढं सगळं समोर असताना “काय उरलंय”?

परतताना तो ओसरला. माईला हिरवं आवडतं, त्यात तिचं काय चुकलं? मी जे बघायला जातो ते तिने बघितलंच पाहिजे, हा हट्ट माझा. मला सोबत हवी होती, आणि रानाचं नाव पुढे करून मी ती मागत होतो. एवढं उमगलं तरी चालताना बरं वाटलं.

उंच झाडाच्या बेचक्यातलं घरटं कुणाचं, ते नुसत्या डोळ्यांना कळलं नाही. उद्या लवकर निघतो. माईला पुन्हा विचारीन. नाही म्हणाली तर तिची दुर्बीण मागून घेईन.