धुरकट क्वार्ट्झमधलं ॲल्युमिनियम

क्वार्ट्झचा सूक्ष्म ठिपका लेसरने उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजत होते. पहिल्याच दिवशी एका ठिपक्यावर ॲल्युमिनियम २००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०००) वर गेलं आणि अर्धा मिलिमीटर बाजूला तेच ६० वर उतरलं. स्फटिक एकच, धुरकट, काचेसारखा स्वच्छ. एवढा फरक मला पटेना.

क्वार्ट्झच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीत, सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम शिरू शकतं. पण सिलिकॉनचा भार ४+ आणि ॲल्युमिनियमचा ३+, म्हणून एका धनभाराची तूट पडते. ती भरून काढायला लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजनचा आयन शेजारच्या पोकळ वाटेत येऊन बसतो. मला मोजायचं होतं ते हे जालकातलं ॲल्युमिनियम. मोजलं गेलं भलतंच.

स्फटिकाची कापलेली चकती मी ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) पावडरने घासून चकचकीत केली होती. ॲल्युमिनियम शोधायचं आणि ॲल्युमिनानेच घासायचं! सूक्ष्म भेगांत ती पावडर अडकून बसली होती. शिवाय एका ठिपक्याखाली अभ्रकाचा कण निघाला. चकती परत घासली, या वेळी हिऱ्याच्या पेस्टने, आणि अल्ट्रासॉनिकमध्ये शुद्ध पाण्यात धुतली. त्यानंतर मी नुसती सरासरी कधीच घेतली नाही, प्रत्येक ठिपक्याचा सिग्नल सेकंदासेकंदाने पाहिला. जालकातलं मूलद्रव्य लेसर खाली खाली जात असताना सपाट रेषेत चालतं. खनिजाचा कण किंवा द्रवाचा बुडबुडा लागला की मध्येच सुळका उठतो. सोडियमचे असे सुळके तर इतके होते की त्याचे अर्धे आकडे मी सोडून दिले.

ठिपके कुठे घ्यायचे हे ठरवायला कॅथोडोल्युमिनेसन्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताखाली खनिजातून निघणाऱ्या उजेडाचा, खरा उपयोग झाला. साध्या सूक्ष्मदर्शकात एकसंध दिसणारा स्फटिक इलेक्ट्रॉनच्या झोताखाली उलगडला: वाढीचे एकाआड एक फिकट-गडद पट्टे, आणि त्यांना आडव्या कापत गेलेल्या, नंतर सांधल्या गेलेल्या काळ्या भेगा. साध्या उजेडात या भेगांचा मागमूस नव्हता. काही पट्ट्यांतून निळसर-हिरवा उजेड येत होता, साधारण ५०० नॅनोमीटरचा. उष्ण द्रावणातून वाढलेल्या क्वार्ट्झमध्ये तो हमखास भेटतो, पण टिकत नाही. मी फोकस जुळवत बसले तेवढ्यात डोळ्यांदेखत तो विझत गेला आणि मागे मंद तांबूस झाक उरली. झोतामुळे लिथियम-सोडियमसारखे आयन जागचे हलतात. त्या जागेचा वर्णपट गेला तो गेलाच. पुढच्या वेळी फोकस शेजारच्या निरुपयोगी भागावर जुळवला आणि मग झोत सरकवला.

आता आकडे जुळू लागले. एका पट्ट्यात ॲल्युमिनियम २०० पीपीएम, लिथियम ३०. वजनं बघून हे प्रमाण कळत नाही, अणू मोजावे लागतात. अणुभाराने भागायचं: २०० ला २७ ने भागलं तर ७.४, ३० ला ७ ने भागलं तर ४.३. म्हणजे शंभर ॲल्युमिनियम अणूंपैकी अठ्ठावन्नच्या आसपास अणूंना लिथियमची जोड असू शकते. उरलेल्यांना बहुधा हायड्रोजनची, कारण अवरक्त वर्णपटात ३३७८ सेंमी⁻¹ च्या जवळ ॲल्युमिनियमशेजारच्या ओएच गटाची रेघ स्पष्ट होती.

क्वार्ट्झमधल्या टायटॅनियमवरून स्फटिक वाढला तेव्हाचं तापमान काढायचा मोह झाला. वॉर्क आणि वॉटसन यांची २००६ ची तापमापी त्यासाठीच आहे. पण माझ्या नमुन्यात रुटाइल (टायटॅनियमचं खनिज) नव्हतं, दाबाचाही अंदाज नव्हता. मी तो आकडा काढला नाही.

राहिला धुरकट रंग. खडकातल्या पोटॅशियम, युरेनियम, थोरियमच्या किरणोत्साराने ॲल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन उडतो, शेजारचा आयन दूर सरकतो आणि इलेक्ट्रॉनची रिकामी जागा तिथे अडकून पडते. रंग देणारा दोष तो हाच. स्फटिकाच्या एका तुकड्याची भुकटी इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्समध्ये (जोडीविना उरलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या यंत्रात) ठेवली तर खोलीच्या तापमानाला या दोषाची खूण दिसेना. नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला उतरवली आणि पडद्यावर दाट, गुंतागुंतीच्या रेषांचा झुबका उभा राहिला. ॲल्युमिनियमच्या अणुकेंद्रामुळे एकेक रेष सहांत फुटते, ती फूट जागोजागी ओळखू येत होती.

मग तीच भुकटी ४५० अंश सेल्सिअसला तापवली. भट्टीतून काढली तेव्हा पांढरीशुभ्र झाली होती, आणि ७७ केल्विनला त्या रेषा आता नव्हत्या. उरलेल्या तुकड्याची एक चकतीही सोबत तापवली होती. तिच्यावर पुन्हा लेसर मारला. त्याच पट्ट्यात ॲल्युमिनियम आधीइतकंच होतं, दोनशेच्या आसपास.