तुम्ही विचारलंत म्हणून: दोन-तीन दिवसांच्या अधिवेशनाला दोन वर्षं कशाला लागतात?

मेटल फिनिशिंगवाल्यांच्या, म्हणजे धातूवर निकेल, झिंक, क्रोमचा मुलामा (प्लेटिंग) देणाऱ्यांच्या, संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाचं काम बघतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "दोन-तीन दिवसांचा तर कार्यक्रम, त्याला दोन वर्षं आधीपासून करता तरी काय?" बाहेरचे विचारतात ते ठीक, पण आमचे मेंबरसुद्धा विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी हॉलचं, कारण सगळ्यांना वाटतं वेळ तिथेच जातो. थोडा जातो. प्रदर्शनात रेक्टिफायर, फिल्टर, बॅरल असलं वजनदार सामान येतं, म्हणजे जमीन किती वजन घेते, थ्री-फेज कुठे मिळेल, ट्रक दारापर्यंत येतो का हे सगळं बघावं लागतं, आणि असे हॉल मोजकेच, त्यामुळे बुकिंग लवकर. प्लेटिंगच्या सोल्युशनने भरलेली चालू टाकी (आमच्या भाषेत बाथ) मात्र आत येत नाही. ॲसिड, सायनाइड, क्रोमिक यातलं काहीही आणायचं म्हटलं की हॉलवाले हात वर करतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. फार तर हल सेलचा, म्हणजे बाथ तपासायच्या छोट्या डब्याचा, डेमो होतो. 267 मिली सोल्युशन, निकेलचा साधा वॉट्स बाथ, काही मिनिटांत पॅनेल हातात, जास्त करंटच्या टोकाला जळलेलं आणि पुढे कुठे चकचकीत कुठे मंद, नवीन मुलांना एवढ्यात भरपूर कळतं. पण तेवढंसं सोल्युशन आणि धुतलेलं पाणीसुद्धा कॅनमध्ये भरून परत न्यायचं, हॉलच्या बेसिनमध्ये थेंबही नाही.

तारखेची वेगळीच कटकट. छोट्या जॉबवर्कवाल्याकडे बाथ कळणारा माणूस बहुतेक एकच असतो, बाथमध्ये काय किती आहे ते बघायचं टायट्रेशन तोच करतो, चमक आणणारं ब्राइटनर किती घालायचं तेही तोच ठरवतो, तो तीन दिवस गेला तर लाइन कोण बघणार? मग कोणीतरी सुचवतं शटडाऊनमध्ये ठेवा, पण शटडाऊनमध्येच टाक्या रिकाम्या करून लायनिंग तपासतात, तेव्हा तर त्याला कोणी सोडतच नाही. मालकांना कुठलीही तारीख चालते, पण माझ्या मते अधिवेशन मालकांसाठी नसतंच (आले तर आनंदच आहे).

खरा वेळ जातो तो बोलणारा माणूस मिळवण्यात.

या धंद्यात लपवायची सवय फार जुनी. अमेरिकेतल्या प्लेटिंगवाल्यांनी 1909 साली संघटना काढली, तो काळ म्हणजे बाथची कृती फोरमनच्या वहीत आणि वही त्याच्या खिशात असा. आता वहीच्या जागी गुप्ततेचे करार आलेत, एवढाच फरक. त्यामुळे पेपर मागवले की येतात ते केमिकल सप्लायरचे, ॲडिटिव्ह ए घाला, ॲडिटिव्ह बी घाला, आणि बघा काय चमक! त्यांना सरळ नाही म्हणता येत नाही कारण स्टॉलचे पैसे त्यांचेच असतात, नुसत्या रजिस्ट्रेशन फीवर अधिवेशन निघत नाही. मग आम्ही नियम केला की प्रॉडक्टचं नाव पहिल्या स्लाइडवर एकदाच, पुढे करंट डेन्सिटी, तापमान, पीएच, जाडी कशी मोजली, हे आकडे दाखवायचे. बरेच पेपर आपोआप मागे गेले.

आम्हाला हवा असतो तो रिजेक्ट सांगणारा माणूस. एका वर्षी एकाला तयार करायला कितीतरी फोन झाले. हाय-टेन्साइल बोल्टवर झिंक केलेलं, बोल्ट कसल्यावर काही वेळाने तुटायला लागले, म्हणजे हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट (प्लेटिंगमध्ये पोलादात शिरलेल्या हायड्रोजनने ते ठिसूळ होणं), आणि तो हायड्रोजन काढायला ओव्हनमध्ये तापवतात ते बेकिंग तर रेकॉर्डप्रमाणे झालेलं, 190 ते 220 डिग्रीच्या मधे, तास पूर्ण. शेवटी निघालं काय, तर शिफ्ट बदलताना माल ओव्हनबाहेर रात्रभर पडून राहायचा, बेकिंग व्हायचं सकाळी, तोवर नुकसान होऊन गेलेलं. हे त्याने माइकवर सांगितलं आणि नंतर चहाला त्याच्याभोवती एवढी गर्दी की पुढचं सेशन उशिरा सुरू झालं. तेव्हापासून चहाची सुट्टी मुद्दाम लांब ठेवतो, वेळापत्रक बघून लोक नावं ठेवतात, ठेवू देत.

ओपन सेशनला लोक खराब पार्ट खिशात घालून आणतात. फोड आलेला पार्ट दिसला की पहिला आरोप बाथवर, आणि बहुतेक वेळा गडबड निघते आधीच्या सफाईत. सॉल्ट स्प्रेवर, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात पार्ट ठेवून गंज कधी येतो ते बघायच्या चाचणीवर, मात्र हमखास भांडण, "बी 117 मध्ये इतके तास पास" असं कोणीतरी म्हणतंच, आणि एएसटीएम बी 117 या त्या चाचणीच्या स्टँडर्डमध्ये पास-नापासचे तास नाहीतच, 5 टक्के मीठ, 35 डिग्री, फवारा कसा ठेवायचा एवढंच आहे, तास ग्राहक किंवा कोटिंगचं स्टँडर्ड ठरवतं. मॉडरेटर म्हणून हे तोंडपाठ असलेला माणूसच बसवतो. आणि सुरुवातीला एक सूचना वाचायची, भाव आणि कोटेशन यावर बोलायचं नाही. एकमेकांचे स्पर्धक एका खोलीत बसलेत, दरांवर गप्पा झाल्या तर स्पर्धा कायद्यात संघटनाच अडकेल.

प्लांट व्हिजिटला सगळ्यांनाच जायचं असतं आणि आपलं शॉप दाखवायला कोणीच तयार नसतं. यावर सापडलेला मार्ग म्हणजे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघायला मागायचं. टाकी झाकून ठेवणारा माणूस ईटीपी हौसेने दाखवतो, पीएच 2-3 ला आणून हेक्झाक्रोमचं (क्रोमियमच्या विषारी रूपाचं) कमी घातक ट्रायक्रोम कसं करतो, मग पीएच वाढवून गाळ कसा खाली बसवतो, सगळं. आणि हेक्झाक्रोमचं कायद्याचं सेशन असेल ते शेवटच्या दिवशी सकाळी. युरोपात 21 सप्टेंबर 2017 नंतर परवानगीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइड (क्रोम प्लेटिंगमधलं हेक्झाक्रोम) वापरायला बंदी आली, तेव्हापासून हा विषय काही संपत नाही, आणि त्यासाठी लोक परतीचं तिकीट दुपारचं काढतात.

पुढच्या वेळी पेपर द्यायचा विचार असेल तर मला चांगला निघालेला पार्ट नको, फसलेला लॉट आणि त्याचे आकडे पाठवा. ग्राहकाचं नाव काढून टाका, त्याची लेखी परवानगी घ्या, आणि हे आत्तापासूनच सुरू करा, ती परवानगी यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.