आरे-वारेच्या उतारावर ब्रेक गेला: जुनी कॅम्पर व्हॅन कोकणात नेणाऱ्यांसाठी

आधी मुद्द्याचं सांगतो. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे तुम्हाला नक्की माहीत नसेल तर किनाऱ्याच्या रस्त्याला लागू नका. गॅरेजवाल्याला माहीत असून उपयोग नाही, तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे.

आमची व्हॅन 2009 ची, डिझेल, मागे बेड, ओटा, पाण्याची टाकी, म्हणजे वजन भरपूर. निघायच्या आधी पुण्यात फुल सर्व्हिसिंग केलं, बिल झालं 14,600, त्यात ब्रेक ऑइल लिहिलेलं, ब्रेक क्लिनिंग पण लिहिलेलं, आणि वर "बिनधास्त जा साहेब, काही टेन्शन नाही". ताम्हिणी उतरून माणगाव, दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीतून वेसवी, मग केळशी, हर्णै, दाभोळची फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे. हे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फेरीबद्दल एवढंच की ओहोटीला धक्क्यावरचा उतार जास्त लागतो आणि लांब गाडीची मागची बाजू घासते, आमची दाभोळला घासली, त्यामुळे भरतीची वेळ विचारून जा.

आता आरे-वारे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला समुद्राकडेचा हा रस्ता सगळे फोटोसाठी घेतात. फोटोत चढउतार कळत नाही. भर दुपार, गाडी भरलेली, उतरताना आधी डाव्या चाकाकडून जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल मऊ पडून थेट तळाला गेलं. बायको शेजारी, मुलगा मागे. पेडल तीन-चार वेळा पंप केलं, थोडा जोर आला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूला गाडी लावली. हात थरथरत होते, दहा मिनिटं खाली उतरताच आलं नाही.

चाळीस मिनिटांनी पेडल परत कडक झालं. सगळ्यात मोठा धोका हाच आहे, कारण माणसाला वाटतं झालं ठीक, चला. तसं नसतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश लागतो, ओल धरल्यावर तोच 155 पर्यंत चालतो असं मानकातच आहे, म्हणजे फरक बघा. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं, गार झालं की वाफेचं परत पाणी. सपाट रस्त्यावर ट्रायल मारून हे कधीच कळणार नाही.

रत्नागिरीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत गेलो. तिथल्या मेकॅनिकने झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, ह्याचा पार काढा झालाय, हे वर्षानुवर्षं बदललेलं नाय." डावं चाक खोललं तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर तो सरकतो त्या गंजून जाम, पॅड डिस्कला चिकटूनच चाललेलं, उष्णता तिथूनच येत होती. पिना साफ करून ग्रीस, नवं ऑइल, चारही चाकांच्या ब्रेक पाइपातली एअर काढली, तीन तास काम आणि घेतले 1,850. पुण्यात ज्याचे पैसे दिले ते काम झालंच नव्हतं. राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, ऑइल दर दोन वर्षांनी समोर उभं राहून बदलून घ्या, जुनं ऑइल बाटलीत काढायला लावा आणि रंग बघा. निघायच्या आधी चारही चाकं खोलून पिना हाताने सरकतात का ते बघा. प्रवासात प्रत्येक थांब्यावर हात रिमजवळ न्या, टेकवू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथेच थांबायचं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची डिझेल वाचवायची सवय असेल तर मोडा, पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि ब्रेक दगडासारखा होतो.

बाकी कूलंट इंजिन गार असताना रोज सकाळी बघायचं, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं, टायरवरचे चार आकडे वाचायचे (2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला), नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर तडकतं. वाळूवर गाडी घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानींत आतपर्यंत, नुसती बॉडी चकाचक करून खारं जात नाही. आमच्या पिना अशाच गेल्या, मागच्या दोन कोकण ट्रिपनंतर मी फक्त वरून धुतली होती.

सोबत ब्रेक ऑइल ठेवणार असाल तर सीलबंद छोटी बाटली ठेवा. उघडलेली अर्धी बाटली टाकून द्या, ती पण ओल धरते.