या धंद्यात रक्त का सांडते?

व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांनंतर कोल्हापुरातील पालक मला हटकून विचारतात, की नशेत माणसाचे भान सुटते म्हणूनच अमली पदार्थांच्या धंद्यात एवढे खून पडतात का? नशेत हाणामारी होते, नशेच्या पैशासाठी चोऱ्याही होतात. परंतु टोळ्यांमधील खुनांचे मूळ मला त्या धंद्याच्या व्यवहारात दिसते.

मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यात कोणी पैसे बुडवले, तर बाजार समितीकडे तक्रार करता येते आणि धनादेश वटला नाही, तर न्यायालयात जाता येते. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, उधारीवर उचलून कोणी हात वर केले, तर दाद कोणाकडे मागणार? तिथे वसुली, हद्द आणि दिलेला शब्द हे सारे धाकावर चालते, आणि धाक टिकवायचा तर तो अधूनमधून दाखवावा लागतो. दारूबंदीच्या काळात मुंबईत वरदराजन मुदलियारची टोळी हातभट्टीच्या पैशावर पोसली गेली; आज परवानाधारक दारू दुकाने शेजारी शेजारी चालतात.

‘आपल्याकडे कुठे गोळीबार होतो?’ असे म्हणून अनेक जण निश्चिंत होतात, याची मला फार काळजी वाटते. हद्दी ठरलेल्या असतात आणि हप्ते वेळेवर पोहोचतात, तेव्हा बंदुकीची गरजच पडत नाही. मेक्सिकोत एकाच पक्षाच्या दीर्घ सत्ताकाळात तस्करी बरीचशी अशीच चालली. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी तिच्याविरुद्ध लष्कर उतरवले. म्होरके पकडले वा मारले गेले, टोळ्या फुटल्या, त्यांची आपापसांत जुंपली आणि २००७ मध्ये सुमारे ८,९०० असलेली खुनांची संख्या २०११ मध्ये २७,००० वर गेली. मिचोआकान प्रांतात तर टोळ्या अ‍ॅव्होकॅडोच्या बागायतदारांकडूनही खंडणी उकळू लागल्या.

२०२१ मध्ये आपल्याच चंदगड तालुक्यात एमडीचा कारखाना सापडला आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या एमडी प्रकरणातील तपासाचा धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला. एमडी शेतात पिकत नाही. त्यासाठी रसायने, आडबाजूची जागा, रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि मुख्य म्हणजे भांडवल लागते. छाप्यात किती किलो माल मिळाला, हे ठळक छापून येते. भांडवल कोणाचे होते, हे क्वचितच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अशा कमाईतून घेतलेली मालमत्ता गोठवण्याची आणि जप्त करण्याची तरतूद आहे. चंदगड आणि कुपवाडच्या प्रकरणांत ती कोणाकोणाविरुद्ध वापरली गेली, हे पालकांनी पोलीस अधिकाऱ्यांना जाहीरपणे विचारावे, असा माझा आग्रह आहे.