आमची वाटचाल : रिटर्न भरणाऱ्या ऑफिसात वकील कसे आले

सांगलीत हरभट रोडजवळ एका औषध दुकानाच्या वर दोन खोल्यांत २०११ साली आमचं ऑफिस सुरू झालं. दारावर पाटी ‘कर सल्लागार’. कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपची रिटर्न्स, मार्केट यार्डातल्या काही अडत्यांची खाती, आणि वडिलांच्या ओळखीतून आलेले दहा-बारा ट्रस्ट. त्यात वाचनालयं, एक बालवाडी, एक तालीम. ट्रस्टकडून फी मागायची लाज वाटायची आणि तेही त्या लाजेचा मान राखायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. खालचं दुकान बुडालं, आमच्या जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. फायली वाचल्या. धंद्यावर यायचं ते संकट येऊन गेलं, असं आम्ही समजलो.

मार्च २०२० च्या शेवटी इस्लामपूरचे कोरोनाचे रुग्ण बातम्यांत आले आणि जिल्हा कडेकोट बंद झाला. मी स्कूटरवरून फायली विश्रामबागच्या घरी नेत होते. दुसऱ्या फेरीला पोलिसांनी अडवलं. कर सल्लागार अत्यावश्यक सेवेत बसत नाही, हे मला कॉलेज कॉर्नरला कळलं.

रिटर्नसाठी कुणाचाच फोन नव्हता, तारखा सरकारनेच पुढे ढकलल्या होत्या. पहिला फोन अण्णांचा. कुपवाडला त्यांचं टर्निंगचं वर्कशॉप, बावीस माणसं. “मॅडम, पगार द्यायचा का न्हाई, एका शब्दात सांगा.” केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्चला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता की बंदच्या काळातला पगार कपात न करता वेळेवर द्या. म्हणजे एका शब्दातलं उत्तर ‘हो’. अण्णांच्या सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट) खात्यात पैसेच उरले नव्हते, त्याला आदेशात जागा नव्हती. त्यांनी निम्मा पगार दिला आणि रोज रात्री मला फोन करून “पोलीस येतील का?” विचारत राहिले. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला. १२ जूनला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या ५० दिवसांच्या पगारावर मालक-कामगारांनी आपसात बसून तोडगा काढावा, तोवर मालकांवर सक्तीची कारवाई नको. अण्णा खरोखरच बसले, वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून. उरलेला निम्मा दिवाळीपर्यंत चार हप्त्यांत, असा कागद मी लिहिला. खाली एकोणीस सह्या, तीन अंगठे.

त्याच काळात सरकार छोट्या आस्थापनांचा मालक-कामगार दोघांचा मिळून २४ टक्के पीएफ भरत होतं. अट अशी की कामगार १०० पर्यंत हवेत आणि त्यातले ९० टक्के १५,००० च्या आत पगाराचे हवेत. अण्णांचे बावीसपैकी नऊच पीएफवर, बाकीचे तेरा कागदावर ‘ठेकेदाराचे’. ते रजिस्टर मी दरवर्षी बघत होते आणि गप्प बसत होते, हेही इथे लिहिलं पाहिजे.

आता माझी चूक. गणपती पेठेतल्या एका मेसवाल्या मावशींनी विचारलं, मुलंच नाहीत तर गाळ्याचं भाडं कशाला द्यायचं? तेव्हा मोबाइलवर जो तो ‘फोर्स मेजर’, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात करारातून सुटका, असं फॉरवर्ड करत होता. मीही करार कायद्याचं कलम ५६ टाकून मालकाला पत्र लिहून दिलं: जे अशक्य झालं त्याचा करार संपतो, सबब भाडं देणे लागत नाही. आठ दिवसांत त्यांच्या वकिलांचं उत्तर आलं, दीड पानांचं, अतिशय नम्र. हा नोंदणीकृत भाडेपट्टा आहे आणि भाडेपट्ट्याला कलम ५६ लागू होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ सालीच सांगितलंय. करारात महामारीचं कलम असेल तर दाखवा. आणि जागा सोडायची असेल तर किल्ली कधी देताय? किल्ली तर मावशींना द्यायची नव्हती, आत शेगड्या, भांडी, सगळा संसार. शेवटी मी मालकांकडे स्वतः गेले, तोंडाला मास्क होता तेच बरं. तीन महिन्यांचं निम्मं भाडं माफ झालं, ते कायद्याने नव्हे, त्यांच्या आईला मावशींचा डबा जायचा म्हणून.

त्यानंतर मी ज्या वकिलांनी ते उत्तर लिहिलं होतं त्यांनाच फोन केला. बुधवार-शनिवार ते आमच्याकडे बसू लागले. पाटीवर त्यांचं नाव नाही, पण ऑफिसचा निम्मा महसूल आज त्या दोन दिवसांतून येतो.

पहिलं काम थकलेल्या बिलांचं. एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यात पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कायदा २००६ चा आहे. आमच्या अशीलांपैकी किती जणांनी तक्रार केली? दोघांनी, आणि दोघांचंही त्या कंपनीचं काम आधीच सुटलेलं होतं. चालू गिऱ्हाइकाविरुद्ध कोण जाणार?

ट्रस्टचा गुंता निराळाच. एका वाचनालयाला रेशन किट वाटायचे होते. संस्थेच्या घटनेत उद्देश वाचनाचा, मग पैसे धान्यावर खर्च करता येतील का? १९६२ ची टंकलिखित घटना कार्बन कॉपीत होती, अक्षरं निळी आणि फुगलेली. शेवटच्या ओळीत ‘व इतर लोकोपयोगी कार्ये’ सापडलं तेव्हा वकीलसाहेबांनी चहा मागवला. तालमीच्या पोरांनी मात्र आधीच क्यूआर कोड फिरवून पैसे जमवले होते. गणपतीच्या वर्गणीला धर्मादाय कार्यालयाकडे ट्रस्ट कायद्याच्या ४१ सी कलमाखाली कळवतात, तेच इथेही लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एका कारखानदाराने सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाचा चेक मुख्यमंत्री निधीला द्यायचं ठरवलं होतं. १० एप्रिलच्या परिपत्रकाने तो निधी सीएसआरमध्ये धरला जाणार नाही आणि पीएम केअर्स धरला जाईल असं सांगितलं, तेव्हा चेक परत पाकिटात गेला. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही.

दुसऱ्या लाटेत त्याच वाचनालयाचे दोन विश्वस्त पंधरा दिवसांच्या अंतराने गेले. बँकेत सह्या तिघांच्या, चालवायला दोन लागत. उरले एकटे सर, निवृत्त मुख्याध्यापक. नवे विश्वस्त नेमले, बदल अर्ज घातला, पण बँकेला शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, नवी नावं चढलेली हवीत आणि तिथे तारखा लांबत होत्या. नऊ महिने खातं थिजलेलं. ग्रंथपाल बाईंचे महिना ३,५०० रुपये सर आपल्या पेन्शनमधून पाकिटात घालून देत राहिले.

खातं सुटल्यावर ते मला म्हणाले, हे संस्थेने माझं देणं म्हणून दाखवा. वकीलसाहेबांनी मान हलवली. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घेता येत नाही. मग देणगी दाखवायची ठरली. त्यातही रोख २,००० च्या वर असल्याने ८०जीची, म्हणजे दानावरची आयकरातली सूट नाही. “म्हणजे मी दिलेले पैसे मला परतही मिळणार नाहीत आणि दान म्हणून मोजलेही जाणार नाहीत,” सर म्हणाले. आम्ही दोघं गप्प. “बरं, पावती तरी द्या.”

पावती फाडून दिली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्यापुढे ठेवला. आकड्यात ३१,५०० होते, अक्षरी मी एकवीस हजार पाचशे लिहिलं होतं.